कामामुळे जडलेल्या आजाराची तडजोड आणि वैद्यकीय तज्ज्ञांचा निःपक्षपातीपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कामगारांच्या आजारपणाच्या दाव्यांच्या फायली लावणं, रिपोर्ट वाचून त्यातल्या त्रुटी काढणं, हे माझं काम. आजारी कामगार आणि कंपनी खटला शेवटपर्यंत न लढता भरपाईचा करार करतात, त्याला इथे तडजोड म्हटलं आहे, आणि दावे तपासायला त्यात नेमलेल्या डॉक्टरांना पॅनेल. लोकांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. मुदती, फॉर्म आणि रकमा प्रत्येक तडजोडीत वेगळ्या असतात. त्यासाठी तुमचा करारनामाच उघडावा लागेल.

१. तडजोड झाली, रक्कम ठरली. मग आता हे डॉक्टरांचं पॅनेल कशाला?

रक्कम ठरली म्हणजे तक्ता ठरला. कोणत्या आजाराला किती, आजाराच्या कोणत्या टप्प्याला किती, एवढंच तडजोडीत लिहिलेलं असतं. त्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात तुमचं नाव पडणार, हे डॉक्टर ठरवतात. आजार आहे का, तो कामामुळे झाला का आणि त्याने किती नुकसान केलं, या तीन प्रश्नांवर सगळं अडलेलं असतं.

खटला चालला असता तर हेच प्रश्न दोन्हीकडच्या डॉक्टरांना उलटतपासणीत विचारले गेले असते. तडजोडीत बहुधा पिंजरा नसतो, उलटतपासणी नसते. डॉक्टरने भरलेला फॉर्म हाच जवळजवळ निकाल असतो. त्यामुळे डॉक्टर कोणाचा, हा प्रश्न कोर्टापेक्षा इथे जास्त टोचतो.

२. निःपक्षपाती म्हणजे नेमकं काय? डॉक्टरला मतच नसावं का?

मत असणारच, त्यासाठीच तर त्याला बोलावलं. कसोटी एवढीच की हीच फाइल समोरच्या बाजूने पाठवली असती तर त्याने हेच लिहिलं असतं का.

डॉक्टरच्या मनात कोणाला डोकावता येत नाही. कागदावर मात्र चार गोष्टी तपासता येतात: त्याला निवडलं कोणी, पैसे कोण देतं आणि कशाच्या हिशोबाने, त्याला काय दाखवलं आणि काय झाकून ठेवलं, आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला. पहिल्या दोन गोष्टींवर लोक तावातावाने बोलतात. माझ्या अनुभवात खरी गोम शेवटच्या दोनांत असते. ‘या एक्स-रेमध्ये काय दिसतं?’ असं विचारलं तर डॉक्टर दिसतं ते लिहितो. ‘सदर कामगारास धुळीमुळे आजार झाल्याचा ठोस पुरावा आहे काय?’ असं विचारलं तर तो ‘ठोस’ या शब्दाला धरून लिहितो आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ येतं. एक्स-रे तोच, डॉक्टर तोच आणि तो अगदी प्रामाणिकसुद्धा. म्हणून रिपोर्टबरोबर डॉक्टरला पाठवलेलं पत्रही मागा.

३. माझे नेहमीचे डॉक्टर मला वीस वर्षं ओळखतात. त्यांचं मत का धरत नाहीत?

धरतात, पण पुरावा म्हणून, निर्णय म्हणून नाही. तुम्हाला बरं करणं हे त्यांचं काम. तुम्ही सांगता ते खरं धरून ते उपचार करतात आणि तसंच करायला हवं. तुमचं भलं व्हावं असं त्यांना वाटतं, म्हणजे या व्यवहारापुरते तेही तटस्थ नाहीत.

त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र असते, जी पॅनेलच्या डॉक्टरकडे कधीच नसते, ती म्हणजे जुने केसपेपर. दाव्याचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता तेव्हाची ‘चढ चढताना दम लागतो’ ही नोंद आजच्या दहा पानी प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरते. डॉक्टरांकडून दाखला मागण्याऐवजी त्या जुन्या कागदांच्या प्रती मागा.

आणि एक लक्षात ठेवा: पॅनेलचा डॉक्टर तुमच्यावर उपचार करत नाही. त्याला सांगितलेलं बहुतेक सगळं रिपोर्टात उतरतं.

४. तज्ज्ञाची फी कंपनी भरते. म्हणजे तो कंपनीचाच माणूस ना?

एवढ्यावरून नाही. तडजोडीचा सगळा पैसाच बहुधा कंपनीचा किंवा तिच्या विमा कंपनीचा असतो, तुमच्या भरपाईचासुद्धा. विचारायचं ते असं: फी निकालावर अवलंबून आहे का? चेक कंपनीच्या कचेरीतून निघतो की स्वतंत्र न्यासातून? पुढचं काम या डॉक्टरला द्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एका तपासणीची फी फार मोठी नसते, पण दर महिन्याला चाळीस फायली येत असतील तर ती मिळकतच झाली. खाल्ल्या मिठाला जागायचं, असं डॉक्टर ठरवून करतो असं नाही. २०१३ साली अमेरिकेत शंभराहून अधिक न्यायवैद्यक मानसतज्ज्ञांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांना त्याच फायली दिल्या. काहींना सांगितलं की तुम्ही सरकारी पक्षासाठी काम करताय, काहींना सांगितलं की बचावपक्षासाठी. गुण द्यायची पद्धत ठरलेली होती, तरीही ज्याने-त्याने सरासरीने ‘आपल्या’ बाजूकडे झुकते गुण दिले. ती बाजू त्यांना तेवढ्यापुरती नेमून दिलेली होती. मग वर्षानुवर्षं एकाच दारातून फायली येणाऱ्या डॉक्टरचं काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

यावरचा उपाय निवडीच्या पद्धतीत आहे. प्रश्न १२ पाहा.

५. माझ्या एकाच एक्स-रेवर एका डॉक्टरने आजार आहे म्हटलं, दुसऱ्याने नाही. दोघांतला एक खोटारडा आहे ना?

बहुतेक वेळा कोणीच नसतो. धुळीने फुफ्फुसात होणारे बदल वाचायला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची, म्हणजे आयएलओची, एक ठरलेली पद्धत आहे. डॉक्टर नमुन्याच्या फिल्म शेजारी लावतो आणि तुमच्या फिल्मवर बारीक ठिपके किती दाट आहेत ते पाहतो. मुख्य पायऱ्या ०, १, २, ३ अशा चार. तो दोन आकडे लिहितो: पहिला आपण ठरवलेल्या पायरीचा, दुसरा मनात गंभीरपणे आलेल्या पर्यायाचा. ‘१/०’ म्हणजे ‘पहिली पायरी धरली, पण शून्य म्हणावं की काय असं वाटलं होतं’. ‘०/१’ म्हणजे ‘शून्य धरलं, पण एक म्हणावं की काय असं वाटलं होतं’. अशा सगळ्या मिळून बारा पायऱ्या होतात.

पुष्कळ योजनांमध्ये भरपाईची रेघ नेमकी या दोघांच्या मधोमध असते. १/० असेल तर दावा पुढे जातो, ०/१ असेल तर थांबतो.

एका फायलीत असे दोन फॉर्म मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहेत. दोन्ही डॉक्टर चांगले, दोघांनी फिल्मचा दर्जा ‘२’ दिलेला, दोघांनी ठिपक्यांचा आकार आणि जागा तीच लिहिलेली. फक्त त्या एका चौकटीत शून्य आणि एक यांची जागा उलट. डॉक्टरांच्या लेखी तो केसाएवढा फरक, घरच्यांच्या लेखी सगळं किंवा काहीच नाही. तिसऱ्या वाचकाकडे फिल्म गेली, पहिल्या दोघांची मतं झाकून. त्याने १/० लिहिलं. तो ०/१ लिहिता, तरी मी त्याला पक्षपाती म्हटलं नसतं. त्याच वाचकाला तीच फिल्म काही महिन्यांनी नकळत पुन्हा दाखवली, तर तोही कधीकधी एक पायरी इकडे-तिकडे सरकतो.

मात्र एकाने ०/० आणि दुसऱ्याने २/३ लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

६. मग प्रामाणिक मतभेद आणि ठरलेला कल यांत फरक ओळखायचा कसा?

एका फायलीवरून ओळखता येत नाही. ओळख पटते ती रांगेवरून. खरी चूक कधी या बाजूला होते, कधी त्या बाजूला. कल दर वेळी एकाच बाजूला पडतो.

कोळसा खाण कामगारांच्या दाव्यांतलं अमेरिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. जॉन्स हॉपकिन्स या नामवंत संस्थेतला एक ज्येष्ठ एक्स-रेतज्ज्ञ कोळसा कंपन्यांच्या वतीने वर्षानुवर्षं फिल्म वाचत होता. २०१३ साली पत्रकारांनी जुने निकाल काढून मोजदाद केली. २००० सालापासूनच्या दीड हजारांहून अधिक प्रकरणांत त्याने कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा गंभीर प्रकार एकदाही नोंदवला नव्हता. एकदाही नाही! त्यातल्या काहींच्या बाबतीत पुढे फुफ्फुसाच्या तुकड्याच्या तपासणीत किंवा शवविच्छेदनात आजार निघाला. संस्थेने ते काम आधी थांबवलं आणि २०१५ मध्ये विभागच बंद केला.

यातला प्रत्येक रिपोर्ट सुटा वाचला तर नीट वाटला असता. भाषा विद्वत्तेची, कारणं पटण्यासारखी: क्षयाचा जुना डाग असेल, बुरशीचा संसर्ग असेल. पण दीड हजार वेळा दुसरंच काहीतरी असेल?

म्हणून तडजोडीच्या वाटाघाटी चालू असतील तर एक कलम जरूर मागा: प्रत्येक डॉक्टरने किती फायली पाहिल्या आणि किती मान्य-अमान्य केल्या, हे आकडे ठरावीक काळाने दोन्ही बाजूंना मिळाले पाहिजेत. आकडे वेगळे दिसले म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. त्याच्याकडे कदाचित सौम्य केसेसच येत असतील. पण कुठे बघायचं ते कळतं.

७. पक्षपात फक्त कंपनीच्या डॉक्टरांकडूनच होतो का?

नाही. हे लिहिलं की मला दर वेळी रागावलेली पत्रं येतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा हिशोब इथेही चालतो.

२००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एस्बेस्टॉसच्या (उष्णतारोधक म्हणून वापरलेलं तंतुमय खनिज) दाव्यांत दावेदारांच्या वकिलांनी नेमलेल्या वाचकांनी वाचलेले ४९२ एक्स-रे पुन्हा सहा स्वतंत्र वाचकांना दाखवले. आधीच्या वाचकांना ९५.९ टक्के फिल्ममध्ये बदल दिसले होते. स्वतंत्र वाचकांना दिसले ४.५ टक्क्यांमध्ये.

पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयात सिलिकाच्या (दगड-वाळूतल्या बारीक धुळीच्या) सुमारे दहा हजार दाव्यांची छाननी झाली. नऊ हजारांहून अधिक लोकांचं निदान मिळून फक्त बारा डॉक्टरांनी केलं होतं. फिरत्या गाड्यांतून तपासण्या झाल्या होत्या. कित्येकांना आधी त्याच यंत्रणेने एस्बेस्टॉसिस, म्हणजे एस्बेस्टॉसने होणारा फुफ्फुसाचा आजार, असल्याचं सांगून दावे लावले होते आणि आता त्याच छातीत सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीचा आजार, निघाला होता. न्यायाधीश जॅनिस जॅक यांनी निकालात म्हटलं की ही निदानं ना आरोग्यासाठी होती ना न्यायासाठी, ती पैशासाठी तयार केलेली होती.

याचा फटका कोणाला बसला? त्या गर्दीत जे खरोखर आजारी होते त्यांना. आपल्या बाजूच्या सैल डॉक्टरमुळे आपल्या माणसाचा खरा दावाही संशयात सापडतो. ‘आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, सगळ्यांना देतात’ असं कोणी सांगितलं तर तिथे जाऊ नका.

८. पॅनेलचा रिपोर्ट हातात आला आहे. मला वैद्यकातलं काही कळत नाही. काय बघू?

निष्कर्ष शेवटी वाचा. आधी ‘पाहिलेली कागदपत्रं’ हा भाग काढा आणि तुम्ही पाठवलेल्या यादीशी एकेक ओळ ताडून बघा. जुना एक्स-रे पाठवला होता आणि यादीत नाही, म्हणजे डॉक्टरपर्यंत तो पोचलाच नाही किंवा त्याने पाहिला नाही. दोन्हींत हरकतीला जागा आहे.

मग कामाचा इतिहास. तीस वर्षं काम करून ‘कारखान्यात नोकरी’ एवढ्या दोन शब्दांत तो संपला असेल तर डॉक्टरने धुळीचा विचारच केलेला नाही. कोणत्या खात्यात, काय कापायचं किंवा दळायचं, कोरडं की पाणी मारून, तोंडाला काय बांधायचे, किती तास, हे सगळं तिथे हवं. रिपोर्टातला हा भाग सगळ्यांत कमी जागा घेतो आणि खरं तर सगळं त्यावरच उभं असतं. आजार कामामुळे झाला का, याचं उत्तर फिल्ममध्ये नसतं, या इतिहासात असतं.

तिसरी गोष्ट, नक्कल. एका कामगाराच्या रिपोर्टात मध्येच ‘सदर महिलेने’ असं आलेलं मी पाहिलं आहे. गडी साठीचा, भरघोस मिशांचा. शोधलं तेव्हा आधीच्या महिन्यातल्या दुसऱ्या एका रिपोर्टातला अख्खा परिच्छेद तसाच उचललेला निघाला, दम लागण्याच्या वर्णनासकट. हा पक्षपात नव्हे, आळस. पण फेरतपासणी मिळायला तेवढं पुरलं.

आणि शेवटी कारण. निष्कर्षाच्या मागे ‘कारण की’ आहे का? ‘माझ्या अनुभवानुसार’ हे कारण नव्हे.

९. रिपोर्टात लिहिलंय, ‘कामामुळेच झाला असं निश्चितपणे म्हणता येत नाही.’ म्हणजे संपलं का?

मुळीच नाही. हे वाक्य जवळजवळ कोणत्याही आजाराबद्दल खरं आहे. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ खात्री मागतो. भरपाईच्या बहुतेक व्यवस्था त्याच्यापेक्षा बरंच कमी मागतात: कामामुळे झाला असण्याची शक्यता, नसण्यापेक्षा जास्त आहे का? पारडं जरासं जरी या बाजूला झुकलं तरी पुरतं. काही तडजोडींत त्याहूनही कमी पुरावा पुरतो.

डॉक्टरने चुकीच्या उंचीची काठी लावून उडी मोजली तर तो पक्षपाती नसूनही निकाल एकतर्फीच लागतो. करारनाम्यातलं पुराव्याचं वाक्य शोधा, ते जसंच्या तसं उतरवा आणि लेखी विचारा: ‘या निकषावर आपलं मत काय?’ कित्येकदा त्याच डॉक्टरचं उत्तर बदलतं. त्याला निकष कोणी सांगितलेलाच नसतो.

१०. मी सिगारेट ओढायचो. डॉक्टर म्हणतात आजार त्यामुळेच झाला. यावर बोलायला जागा आहे का?

आहे. कोणता आजार, यावर सगळं अवलंबून. सिगारेटने सिलिकोसिस होत नाही, तो सिलिकाच्या धुळीनेच होतो. तिथे सिगारेटचा मुद्दा निदानाच्या आड आणणं चूक आहे. जुनाट दम्यासारख्या श्वासनलिकेच्या आजारात मात्र धूर आणि धूळ दोन्ही वाटेकरी असू शकतात.

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या एस्बेस्टॉस कामगारांवरचा १९७९ सालचा अभ्यास आहे. सिगारेट नाही आणि एस्बेस्टॉसही नाही, अशा माणसाचा या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर फक्त एस्बेस्टॉसवाल्याचा सुमारे ५, फक्त सिगारेटवाल्याचा सुमारे ११ आणि दोन्ही असलेल्याचा सुमारे ५३ पट निघाला. म्हणजे दोन धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना फुगवतात. अशा वेळी ‘सिगारेट ओढत होता, सबब कामाचा संबंध नाही’ हे वाक्य अपुरं आहे. दोन्ही कारणांचा विचार करून मग वाटा ठरवला असेल तर त्यावर वाद घालता येतो. विचारच केला नसेल तर रिपोर्ट परत पाठवता येतो.

११. डॉक्टर तटस्थ, निवडही नीट. तरी निकाल अन्यायाचा लागू शकतो का?

लागू शकतो, मोजपट्टीच वाकडी असेल तर. अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक संघटना एनएफएल आणि डोक्याला वारंवार मार बसून मेंदूचे आजार झालेले माजी खेळाडू यांच्यातली तडजोड २०१७ मध्ये लागू झाली. स्मरणशक्ती आणि आकलन किती घसरलं हे चाचण्यांवरून ठरायचं. त्या गुणांना वंशानुसार दुरुस्ती लावायची पद्धत होती. कृष्णवर्णीय खेळाडूची मुळातली पातळीच कमी धरली जायची. पातळीच कमी, मग घसरण दिसणार कशी? तेवढेच गुण मिळवलेला गोरा खेळाडू पात्र ठरायचा आणि हा बाहेर राहायचा.

डॉक्टर पुस्तकाप्रमाणे वागत होते, आणि चूक पुस्तकातच होती. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये ही दुरुस्ती काढून टाकलेला नवा नियम न्यायालयाने मंजूर केला.

फुफ्फुसाच्या फुंकणीच्या चाचणीतही, म्हणजे स्पायरोमेट्रीत, हाच धोका असतो. यंत्र जो ‘टक्का’ छापतं तो कोणत्या तरी लोकसमूहाच्या सरासरीशी ताडून. रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या तक्त्याचं नाव बारीक अक्षरात असतं. ते नाव उतरवून घ्या आणि करारनाम्यात तोच तक्ता ठरला आहे का ते बघा.

१२. आम्ही अजून वाटाघाटीत आहोत. तज्ज्ञ निवडायची चांगली पद्धत कोणती?

माझं स्पष्ट मत: ‘पूर्ण तटस्थ’ डॉक्टर शोधत बसू नका. हे क्षेत्र लहान आहे. कामाच्या ठिकाणच्या आजारांचे जाणकार मोजकेच, त्यामुळे प्रत्येकाने कधी ना कधी कोणाची तरी बाजू घेतलेली असते. माणूस शोधण्यात जाणारी ताकद व्यवस्थेवर लावा.

दोन्ही बाजूंनी मान्य केलेली यादी करा, दोघांनाही कारण न देता ठरावीक नावं खोडायची मुभा ठेवा आणि फाइल कोणाकडे जाणार हे पाळीने किंवा चिठ्ठीने ठरू द्या. एक्स-रे दोघांकडे स्वतंत्रपणे, नाव झाकून आणि कोणत्या बाजूने आला हे न सांगता. दोघांचं मत जुळलं नाही तर तिसरा. डॉक्टरला जाणारं पत्र एकच, छापील, दोन्ही बाजूंनी आधी वाचलेलं. फी निकाल काहीही लागला तरी तेवढीच आणि ती न्यासाकडून. यादीतून कोणाला काढायचं तर दोघांच्या संमतीने. नाहीतर ‘फार मान्य करतो’ म्हणून चांगला डॉक्टर गुपचूप गळतो.

दुसरी वाट म्हणजे डॉक्टरला विचारायचे प्रश्नच कमी करणं. दक्षिण कोरियात सेमीकंडक्टर कारखान्यांतल्या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रकरणावरून सॅमसंगशी अकरा वर्षं भांडण चाललं. २०१८ साली माजी न्यायमूर्ती किम जी-ह्युंग यांच्या मध्यस्थ समितीने तोडगा काढला. ठरावीक आजार, ठरावीक काळातलं किमान एक वर्ष काम, एवढं जुळलं की भरपाई. एकेकाने ‘मला हा आजार त्याच रसायनाने झाला’ हे सिद्ध करायची गरज ठेवली नाही. बदल्यात माणशी रक्कम कमी, जास्तीत जास्त १५ कोटी वॉन. या सौद्यात सगळ्यांत आजारी माणसाचं नुकसान होतं, हे खरं. पण आजार कामामुळे झाला की नाही, यावर तज्ज्ञांची कुस्ती होत नाही.

१३. डॉक्टरने कोणकोणते संबंध उघड करायला हवेत?

गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंकडून मिळालेलं काम आणि त्याचं मिळकतीतलं प्रमाण. त्या उद्योगाकडून घेतलेला संशोधनाचा निधी. शेअर. पक्षकार, वकील किंवा विमा कंपनी यांच्याशी नातं. याच दावेदाराला आधी कधी तपासलं आहे का. ‘माझे कोणतेही हितसंबंध नाहीत’ ही एका ओळीची सही मला नेहमी अपुरी वाटते. प्रश्न सुटे विचारले की उत्तरंही सुटी येतात.

लेख लिहिला, परिषदेत मत मांडलं, हे हितसंबंधांत धरू नका. जाहीर मत असणं आणि विकलं गेलेलं मत असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

१४. हरकत कधी घ्यायची?

कळल्याबरोबर, आणि शक्यतो निकालाआधी. नाव कळल्यावर गप्प बसलात आणि निकाल विरुद्ध गेल्यावर ‘तो पक्षपाती होता’ म्हणालात, तर पहिला प्रश्न येतो: आधी का नाही बोललात? नंतर नवीन काही उघडकीला आलं असेल तर ते कधी आणि कसं कळलं, हे तारखेसह लिहा.

हरकतीत विशेषणं नकोत. ‘विकाऊ’ लिहिलंत की तुमचं पत्र बाजूला पडतं. ‘गेल्या वर्षी या कंपनीच्या इतक्या फायली पाहिल्या, हे फॉर्ममध्ये नमूद नाही’ असं लिहिलंत की त्याला उत्तर द्यावं लागतं. रिपोर्टातल्या चुकांची हरकत वेगळी. तिच्यासाठी प्रश्न ८ आणि ९.

१५. डॉक्टरने दहा मिनिटांत तपासून पाठवलं. हा पक्षपात नाही का?

एकट्या वेळेवरून नाही. फिल्म आणि फुंकणीची चाचणी समोर असेल तर छाती तपासायला फार वेळ लागत नाही. कामाचा इतिहास विचारायला मात्र लागतो. घरी पोचताच लिहून ठेवा: आत कधी गेलात, बाहेर कधी आलात, काय विचारलं, काय विचारलं नाही. रिपोर्टात न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर छापून आलं तर हा कागद सोन्याचा ठरतो.

१६. सोबत कोणाला नेता येईल? रेकॉर्डिंग करता येईल?

सोबत माणूस बहुधा नेता येतो. तो मध्ये बोलला नाही तर बरं. रेकॉर्डिंग परवानगीशिवाय करू नका. काही ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि जिथे नाही तिथेही चोरून केलेलं रेकॉर्डिंग तुमच्याच विश्वासार्हतेवर येतं.

१७. वडील वारले. आता डॉक्टर फक्त कागदांवरून ठरवणार. हे न्याय्य आहे का?

दुसरा मार्गच नसतो. अनेक तडजोडींत वारसांसाठी ही सोय केलेली असते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या सिलिकोसिस आणि क्षयाच्या तडजोडीत, जी २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने मंजूर केली, मृत कामगारांच्या कुटुंबांनाही दावा करता येतो.

कागदांवरून ठरतं तेव्हा कागद कोणी निवडले हाच निःपक्षपातीपणाचा प्रश्न होऊन बसतो. मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेक वेळा ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं काहीतरी असतं. तेवढ्यावर सोडू नका. जुने एक्स-रे, दवाखान्यातली भरतीची कागदपत्रं, नोकरीचं पुस्तक, शवविच्छेदन झालं असेल तर त्याचा अहवाल, हे सगळं क्रमांक घालून पाठवा आणि यादीची पोच घ्या. फुफ्फुसाचा तुकडा कुठे जपून ठेवलेला असेल तर तो एक्स-रेपेक्षा मोठा पुरावा आहे.

१८. तज्ज्ञाने निष्काळजीपणे मत दिलं. त्याच्यावर दावा लावता येतो का?

देशादेशांत वेगळं आहे. इंग्लंडमध्ये १९९९ पासूनच्या दिवाणी नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की तज्ज्ञाचं कर्तव्य आधी न्यायालयाशी, मग पैसे देणाऱ्याशी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवलं की आपण नेमलेल्या तज्ज्ञाने हलगर्जीपणा केला तर त्याच्यावर दावा लावता येतो. त्या प्रकरणात मानसतज्ज्ञ बाईंनी स्वतःला न पटणाऱ्या संयुक्त निवेदनावर सही केली होती. पण हे आपल्या बाजूच्या तज्ज्ञाबद्दल. समोरच्या किंवा सामाईक तज्ज्ञाविरुद्ध वाट फार अरुंद असते. व्यवहारात फेरतपासणी लवकर मिळते, दावा वर्षानुवर्षं चालतो.

१९. निकाल माझ्या बाजूने लागला. आता कळलं की पॅनेलमधले एक डॉक्टर आमच्या वकिलांचे मेहुणे आहेत. सांगावं लागेल का?

हा प्रश्न पाठवणाऱ्याचं मला कौतुक वाटलं. बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

सांगा. वकिलांना आधी विचारा, पण त्यांच्यावर सोडू नका, कारण यात त्यांचाच हितसंबंध आहे. लपवलेलं नातं उद्या कंपनीला कळलं तर तुमची फाइल तर उघडेलच, शिवाय त्या डॉक्टरने पाहिलेल्या इतरांच्याही उघडतील. ज्यांचा काही दोष नाही त्यांची रक्कम अडकेल. बऱ्याच करारनाम्यांत रक्कम परत मागण्याचं कलमही असतं.

तुमचा आजार खरा असेल तर दुसरा वाचकही फार लांब जाणार नाही. फिल्म २/२ ची असेल तर तो २/१ लिहील किंवा २/३, शून्य लिहिणार नाही. काठावरची असेल तर धोका आहे, हे मी नाकारत नाही. पत्र दोन ओळींचं पुरे: अमुक तारखेला हे नातं समजलं, फाइल दुसऱ्या डॉक्टरकडे फेरवाचनासाठी पाठवावी. एक प्रत तज्ज्ञ नेमणाऱ्या कचेरीला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून ती घरी ठेवा.